गॅस गीझर पेटत नाही? आधी कान देऊन ऐका

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की त्या दिवशी माझा फोन थांबत नाही. उन्हाळाभर गीझरकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि डिसेंबरात एका पहाटे नळ सोडला की तो पेटत नाही. मुलांची शाळा, ऑफिसची घाई, आणि मेकॅनिक दुपारशिवाय मोकळा नाही. यातल्या बऱ्याच तक्रारी घरच्या माणसाने दहा मिनिटांत सोडवाव्यात अशा असतात. काही मात्र अशा असतात की त्यांना घरच्या माणसाने हातही लावू नये. कुठलं काम कुणाचं, हे कळावं म्हणून हे लिहितोय.

मी बोलतोय तो घरोघरी भिंतीवर लटकलेला छोटा इन्स्टंट गीझर: मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी देणारा, एलपीजीवर चालणारा, खालच्या डबीत टॉर्चचे दोन मोठे सेल. वरचं झाकण कुठल्याही कंपनीचं असो, आतली व्यवस्था जवळपास सारखीच.

नळ सोडला की पाणी आत शिरतं आणि एका रबरी पडद्यावर दाब देतं. पडदा सरकतो, त्याच्यासोबत एक दांडी सरकते. ती दांडी दोन कामं करते: गॅसचा एक दरवाजा उघडते आणि मायक्रोस्विच मोकळा करते. स्विच जागा झाला की सेलच्या जोरावर इग्नायटर किट चालू होतं, ठिणगी पडू लागते आणि सोलेनॉइड, म्हणजे सेलच्या विजेवर उचलला जाणारा वॉल्व्ह, गॅसचा दुसरा दरवाजा उघडतो. बर्नर पेटला की सेन्सर पिनला ज्योत लागते, किट ठिणगी थांबवतं आणि सोलेनॉइड उघडा ठेवतं. ज्योत दिसली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद.

म्हणजे पाणी, सेल, ठिणगी, गॅस, ज्योतीची पोच. हाच क्रम, आणि बिघाड शोधायचा तोही याच क्रमाने. लोक बहुतेक वेळा उलटे जातात. गीझर पेटला नाही की आधी सिलिंडर हलवून बघतात, रेग्युलेटर काढून पुन्हा लावतात. खरं तर गॅसचा नंबर चौथा आहे.

नळ सोडा आणि गीझरजवळ उभे राहा. तो काय आवाज करतो यावरून अर्धं निदान होतं.

काहीच आवाज नाही

चटचट नाही, टिकही नाही. दोनच संशयित: पाणी आणि सेल.

सेल स्वस्त आहेत, म्हणून आधी ते. "टॉर्चमध्ये घातले तर लागतोय की" असं मला रोज कुणीतरी सांगतं. एलईडी टॉर्च मेलेल्या सेलवरही मिणमिणतो. गीझरला ठिणगीसोबत सोलेनॉइडही उचलायचा असतो, त्याला जोर लागतो. मल्टिमीटर असेल तर नळ चालू असताना दोन्ही सेल मिळून मोजा. नवे असताना तीनच्या वर व्होल्ट येतात. अडीचच्या खाली आले की बदला. दोन्ही एकदम बदला, एकाच जातीचे, अल्कलाइन घेतले तर उत्तम. जुना-नवा जोडून घातला की नवाही लवकर उतरतो. डबीतली स्प्रिंग हिरवी-पांढरी पडली असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, कोरडी करा आणि मग सेल घाला. दमट जागेत बसवलेल्या गीझरची ही फार नेहमीची व्यथा आहे.

सेल ठीक असतील तर पाणी. बहुतेक गीझरना पेटायला निदान ०.२ ते ०.३ बार दाब लागतो. टाकीतल्या पाण्याची पातळी गीझरपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार मिळतो. म्हणजे ०.२ बारसाठी दोन मीटर हवेतच, शिवाय पाइप आणि कोपऱ्यांत थोडा दाब जातो तो वेगळाच. सर्वात वरच्या मजल्यावर, डोक्यावर लगेच टाकी असलेल्या घरात गीझर रुसतो तो यामुळे. तिथे गीझर बदलून काही होत नाही. टाकी उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा.

दाबमापक कुणाच्याच घरी नसतो, म्हणून बादली वापरा. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली भरा. चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर पाणी कमी आहे. पूर्वी पटकन भरायची आणि आता वेळ घेते, तर कुठेतरी कचरा अडकलाय. गीझरच्या पाण्याच्या इनलेटला नटच्या आत एक बारीक जाळी असते. खालचा कॉक बंद करा, नट सोडवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात आलेली तक्रार जवळपास नेहमी इथे संपते, कारण ढवळलेला गाळ जाळीत येऊन बसतो.

आणि हे नक्की करून बघा: बादलीच्या नळावर गीझर पेटतो पण शॉवरवर पेटत नाही, असं तर नाही ना? असेल तर गीझर निर्दोष आहे. शॉवरची भोकं क्षाराने बुजलीत. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. सिडकोत एका घरी दोन मेकॅनिक किट बदलायला सांगून गेले होते. शॉवर साफ केल्यावर गीझर पहिल्या नळाला पेटला.

सेल नवे, पाणी जोरात, तरी आवाज नाही, तर मग आतला पडदा फाटला असेल, दांडी क्षाराने जाम झाली असेल किंवा मायक्रोस्विच गेला असेल. इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. पडदा स्वस्त असतो, पण त्या दांडीच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला गॅस आहे. मधली सील नीट बसली नाही तर गॅस बाहेर येतो. या जोडावर पाण्याचे थेंब दिसू लागले तरी तोच इशारा समजा.

चटचट होतेय, पण पेट नाही

ठिणगीचा आवाज येतोय म्हणजे पाणी आणि स्विच आपलं काम करताहेत. आता ठिणगी आणि गॅसकडे वळायचं.

नवीन सिलिंडर लावलाय का? मग पाइपमध्ये हवा भरलीये. तीन-चारदा नळ सोडून-बंद करून ती निघून जाते. पण प्रत्येक प्रयत्नानंतर नळ बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. न जळलेला गॅस बर्नरभोवती साचलेला असतो. लगोलग पुन्हा ठिणगी टाकली की भुक्क करून भडका बाहेर येतो. भुवया जळलेली माणसं मी पाहिलीत, कृपा करून घाई करू नका.

सिलिंडर जुना असेल तर किचनमध्ये जा. शेगडी आणि गीझर एकाच सिलिंडरवर असतील तर शेगडी पेटवा आणि घरातल्या कुणाला गीझरचा नळ सोडायला सांगा. शेगडीची ज्योत एकदम बसली तर गॅस कमी पडतोय: सिलिंडर संपत आलाय, रेग्युलेटर मंदावलाय किंवा पाइप कुठेतरी दबलाय. शेगडी संथ जळत राहिली, तर गॅस इथपर्यंत येतोय आणि अडचण गीझरमध्ये आहे. सहा लिटरचा गीझर पूर्ण जोरावर तासाला जवळपास एक किलो गॅस ओढतो, शेगडीच्या एका बर्नरच्या कितीतरी पट. त्यामुळे ज्या सिलिंडरवर चहा निवांत होतो त्यावर गीझर दम तोडू शकतो. थंडीत तर हे जास्तच, कारण आतला द्रव गॅस गार पडला की त्याची वाफ कमी होते. सिलिंडरच्या बाहेर तळाशी दव जमलेलं दिसतं ते त्याचंच. काही लोक तेव्हा सिलिंडरवर गरम पाणी ओततात किंवा तो गरम पाण्याच्या टबात ठेवतात. हे अजिबात करू नका. घरगुती गीझरला हॉटेलच्या भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर लावणं हाही तसलाच जीवघेणा उपाय आहे. गीझरच्या स्टिकरवर २८००-३००० पास्कल, म्हणजे सुमारे ३० मिलिबारचा दाब लिहिलेला असतो, आणि घरगुती रेग्युलेटर त्याच हिशेबाने बनवलेला असतो.

सोसायटीत पाइप गॅस आला असेल तर आणखी एक गोष्ट. एलपीजीचा गीझर पीएनजीवर तसाच जोडता येत नाही. दोन्ही गॅसचा दाब आणि जळण्याची ताकद वेगळी, म्हणून नोझलची भोकं वेगळी लागतात. कंपनी तो बदल करून देत असेल तर ठीक, नाहीतर पीएनजीचाच गीझर घ्या. भोकं मोठी करून देतो म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा.

गॅस पुरेसा असेल तर ठिणगी बघा. यासाठी अंधार करा. खिडकीचा पडदा लावा, दिवा बंद करा आणि बर्नरच्या काचेतून पाहा. पिनच्या टोकापासून बर्नरपर्यंत निळी ठिणगी कडक उडायला हवी. पिवळसर, अधूनमधून पडत असेल तर पुन्हा सेलकडे जा. ठिणगी टोकाला न पडता पिनच्या पांढऱ्या चिनीमातीच्या नळीतून मधेच बॉडीला उडत असेल तर त्या नळीला तडा गेलाय, पिन बदलावी लागेल. पिनवर जळमट असेल, कोळ्याचं जाळं असेल (पावसाळ्यानंतर हे हमखास), तर सिलिंडर बंद करून, सेल काढून मऊ ब्रशने झटका. बर्नरच्या नोझलमध्ये मात्र सुई, पिन, तार घालू नका. भोक अर्ध्या केसाएवढं जरी मोठं झालं तरी ज्योत बिघडते.

पेटतो आणि लगेच विझतो

या तक्रारीत सर्वात जास्त पैसे वाया जातात. भुक्क करून पेट घेतो, पाच-सात सेकंद छान जळतो, टक् आवाज येतो, बंद. लोकांना वाटतं गॅस संपला. गॅस भरपूर आहे, गीझरला फक्त ज्योत पेटल्याचं कळलेलं नाही.

ज्योतीतून अगदी किंचित वीज वाहते. किट सेन्सर पिनवर थोडा विद्युतदाब ठेवतं, तो ज्योतीतून बर्नरच्या बॉडीत उतरतो आणि वर्तुळ पूर्ण होतं. पिनवर काजळी किंवा पांढरा थर बसला की वीज अडते आणि किट सावध होऊन गॅस तोडतं. आधी सिलिंडर बंद करा, सेल काढा, गीझर थंड होऊ द्या. दोन पिनांपैकी ठिणगी टाकणारी एक, ज्योत ओळखणारी दुसरी. दुसरी पिन बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. टोक ज्योतीत बुडेल अशा जागी आहे ना ते बघा. वाकलं असेल तर पक्कड लावून ओढू नका, चिनीमाती फुटते.

पिन लख्ख असूनही तेच होत असेल तर किटमधून निघून बॉडीला स्क्रूने आवळलेली अर्थची वायर बघा. दमट जागेत तो स्क्रू गंजतो, वायर लटकते, आणि ज्योतीतून येणारी वीज परत जाणार कशी? स्क्रू घासून घट्ट आवळला की गीझर चालू होतो. किट बदलायला सांगणाऱ्याला आधी "अर्थ बघितली का?" एवढं विचारा.

पायलट असलेल्या यंत्रात हेच काम वेगळ्या पद्धतीने होतं. परदेशातल्या घरांत स्विमिंग पूलच्या जुन्या हीटरना असा पायलट असतो: एक छोटी ज्योत कायम जळत राहते आणि तिच्यात बसवलेली थर्मोकपलसारखी दांडी तापून थोडी वीज तयार करते. तेवढ्या विजेवर गॅस वॉल्व्ह उघडा राहतो. ह्यूस्टनहून माझ्या पुतण्याने फोन केला होता, बटण दाबून धरलं की पायलट जळतो, सोडलं की विझतो. लक्षण ओळखीचंच होतं. बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरूनही सोडल्यावर विझत असेल तर त्या दांडीकडे संशय जातो: काजळी, ज्योतीबाहेर सरकलेलं टोक किंवा सैल जोड. वॉल्व्ह त्यानंतर. वॉल्व्ह त्यालाही उघडू दिला नाही, तिथल्या परवानाधारकाला बोलवायला लावलं.

मध्येच बंद पडतो

आंघोळ चालू असताना पाणी गार. बऱ्याच गीझरमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती बिघाड नाही. नळ बंद करून पुन्हा सोडला की पेटतो. पण आंघोळीला वीस मिनिटं लागत असतील तर पाणी कमी येतंय, किंवा एकापाठोपाठ सगळं घर नहातंय. मधे थोडी उसंत द्या, दारं-खिडक्या उघडी करून हवा खेळू द्या.

वेळेआधी बंद पडत असेल तर पाणी फार तापतंय का ते बघा. पाण्याचा नॉब पूर्ण बारीक आणि गॅस पूर्ण मोठा असला की आतलं पाणी उकळीला येतं आणि तापमानाचा कटऑफ गॅस तोडतो. बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांत आतून क्षार बसतो, पाणी कमी वाहतं आणि जास्त तापतं. उकळत्या किटलीसारखी खडखड ऐकू आली तर हेच. ते मेकॅनिककडून डिस्केल करून घ्या.

यात क्षणाचाही विचार नको

नळ बंद केल्यावर ज्योत एखाद-दोन सेकंदांत गेली पाहिजे. जळतच राहिली तर सर्वांत आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गरम नळ लगेच उघडू नका, आत वाफ कोंडलेली असते. दांडी अडकलीये, मेकॅनिक येईपर्यंत गीझर बंद.

ज्योत निळी हवी. पिवळी, लांबट, डोलणारी ज्योत आणि वरच्या जाळीवर काजळी म्हणजे हवा कमी पडतेय आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतोय.

मायक्रोस्विचच्या किंवा कटऑफच्या वायरी परस्पर जोडून "चालू करून दिला" असं कुणी म्हणालं तर तो गीझर वापरू नका. कंपनीने लावलेली एक-एक कुलपं त्याने काढून टाकलीत.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेला एक्झॉस्ट फॅनसुद्धा बंद करायला जाऊ नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, सगळे बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि मोरीच्या जाळीत साचतो, म्हणून वास गेला असं वाटलं तरी वेळ द्या. बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा. गळती शोधायची असेल तर जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील. काडी पेटवून बघणारे अजूनही भेटतात.

गीझर बाथरूममध्ये असेल तर

इथे मी हट्टी आहे. बाथरूममध्ये बसवलेला गॅस गीझर मी दुरुस्त करत नाही, आधी बाहेर हलवायला सांगतो. कारण साधा हिशेब आहे. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर वीस मिनिटांत सुमारे ३०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे चार घनमीटर हवा. पाच बाय सात फुटांची, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम आठ घनमीटर. दार बंद, थंडी लागते म्हणून व्हेंटिलेटरला पुठ्ठा, आणि एका आंघोळीत अर्ध्या खोलीची हवा वापरून झाली. उरलेल्या हवेत ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि माणूस कडी काढायच्या आत कोसळतो.

पंचवटीत एका जुन्या वाड्यात अशी मुलगी बाहेर काढलेली मी पाहिली. घरच्यांना वाटलं फिट आली. कांदा हुंगवत बसले होते. असं कुणी सापडलं तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना "गॅस गीझर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवू शकतो, त्यावर विसंबू नका.

गीझरची जागा बाहेर: मोकळी बाल्कनी, डक्टची हवेशीर भिंत, मागची गॅलरी. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आयएसआय मार्क, म्हणजे आयएस १५५५८, बघूनच घ्या. बंदिस्त गॅलरीला सरकत्या काचा लावल्या असतील तर ती गॅलरी आता खोली झालीये, तिथे काच उघडी ठेवल्याशिवाय गीझर चालवू नका. ज्यांच्याकडे बाहेर जागाच नाही त्यांना मी विजेचा गीझर घ्या म्हणतो. माझं एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

मेकॅनिकला फोन करताना "गीझर खराब झालाय" एवढंच सांगू नका. आवाज येतो की नाही, ज्योत दिसते की नाही, किती सेकंदांनी विझते, शेगडीची ज्योत बसते का, सेल कधी बदलले, हे सांगा. तो योग्य सामान घेऊन येईल आणि त्याची दुसरी फेरी वाचेल. होळीनंतर गीझर बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, गॅसचा आणि पाण्याचा कॉक बंद करा, आतलं पाणी खालच्या ड्रेन स्क्रूतून काढून टाका, आणि बर्नरवर कापड टाकू नका. पुढच्या थंडीत कुणी ते न काढताच नळ सोडतं.